बिनऔषधाची चार झाडं

पहाटे 5

उठल्याबरोबर पहिला फोन निमगाव केतकीच्या बागवाल्या दादांना. "किती पडला?" एवढंच विचारायचं. सप्टेंबर आहे. मृग बहाराची डाळिंबं लिंबाच्या आकाराची झाली आहेत, आणि तेल्याला हवं असतं ते सगळं याच दिवसांत जुळून येतं: ओलं पान, उबदार ढगाळ हवा आणि थेंब उडवणारा वारा.

"नवाच्या पुढं तासभर झाला मॅडम. पान अजून ओलंच हाय."

म्हणजे आज नऊच्या आत बागेत हात घालायचा नाही. ओल्या झाडांतून माणूस फिरला की त्याच्या बाहीवरून, हातावरून रोग पुढच्या झाडावर जातो. रोग मोजायला गेलेल्यांनीच तो पसरवला, असं होता कामा नये.

पिशवी भरते. नोंदवही, बागेचा नकाशा, रंगीत टॅग, कात्री, ती प्रत्येक झाडानंतर बुडवायला सोडियम हायपोक्लोराइटची बाटली, नमुन्यांसाठी कागदी पिशव्या. डबा शेवटी.

तेल्या हा जिवाणूचा रोग. झँथोमोनास कुळातला हा जिवाणू. भारतात त्याची पहिली नोंद 1952 सालची, दिल्लीची. महाराष्ट्रात मात्र त्याने खरा कहर केला तो 2003 नंतर. पानावर तेलकट, पाणीदार ठिपका, काडीवर काळपट चट्टा, फळावर काळा डाग आणि त्या डागातून पडलेली चीर. चिरलेलं फळ व्यापारी हातात धरत नाही. कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. एकदा आत शिरलेला तेल्या झाडातून पुरता काढणारं औषध नाही, म्हणून बागवाल्याचा सगळा खर्च तो येऊ नये यासाठी होतो. आणि "येऊ नये" यासाठी दिलेल्या औषधाचा गुण ओळखणं फार अवघड. रोग आलाच नाही, तर तो औषधाने थांबला की तसाही येणार नव्हता? माझी नोकरी या एका प्रश्नावर चालते.

सकाळी 6.15

बारामतीतून जीप निघते. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव. पालखीचा रस्ता आता रुंद झालाय. दोन्ही बाजूंना ऊस, आणि जसजसं इंदापूर जवळ येतं तसतशा डाळिंबाच्या बागा दिसू लागतात.

गाडी चालवणारे मामा स्वतः शेतकरी. त्यांच्या गावात पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. ते सांगतात, "साहेब आले आणि आकडा काढून शेताचा कोपरा ठरवला. चांगला तुकडा मुद्दाम घेतला नाही, वाईटही घेतला नाही." आमच्या कामातला सगळ्यात अवघड मुद्दा मामांना आपसूक कळलेला आहे. तुकडा माणसाने निवडायचा नाही, आकड्याने निवडायचा.

ही पद्धत या देशात रुजवणाऱ्यांतला एक माणूस इथून फार लांबचा नव्हता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणीसाठी यादृच्छिक नमुन्याची पद्धत बसवली. 1954 साली दोघांनी मिळून शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. माझ्या टेबलावर ते आजही असतं. सुखात्म्यांचं नाव बुधच्या बाहेर किती शेतकऱ्यांना माहीत आहे, हा विचार मला या रस्त्यावर नेहमी येतो. माहीत असायला हवं.

सकाळी 7.45

पान वाळायची वाट बघत बांधावर बसलो आहोत. नकाशा उघडलाय.

बाग चौदा बाय दहा फुटांवरची, भगवा वाण. पश्चिमेला शेजाऱ्याची जुनी बाग, तिच्यात तेल्या आधीपासून मुक्कामाला. पावसाळी वारा तिकडूनच येतो. पूर्वेकडे जमीन उतरती, तिथे पाणी साचतं. आता समजा, मी पश्चिमेच्या अर्ध्या बागेला औषध दिलं आणि पूर्वेच्या अर्ध्या बागेला दिलं नाही. महिनाभराने फरक दिसला, तर तो औषधाचा, वाऱ्याचा की साचलेल्या पाण्याचा? कोणी सांगू शकणार नाही. झाडं बघून निवडली तर आणखी वाईट. बागवान जीव लावतो तो निरोगी झाडाला, किंवा अगदी खचलेल्याला. दोन्ही बाजूंनी तुलना बिघडते.

म्हणून बागेचे चार पट्टे पाडले. एका पट्ट्याच्या आत वारा, उतार, जमीन जवळजवळ सारखी. प्रत्येक पट्ट्यात सहा ट्रीटमेंट, प्रत्येकीला सलग चार झाडं, आणि दोन ट्रीटमेंटच्या मध्ये एक मोकळी ओळ, म्हणजे एकाची फवारणी दुसऱ्यावर उडत नाही. कुठल्या चार झाडांना काय मिळणार हे पट्ट्या-पट्ट्यात वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या दादांच्या शाळकरी मुलीने उचलल्या. एका पट्ट्यात बोर्डो मिश्रण पाणी साचतं तिथे गेलं, दुसऱ्यात कोरड्या जागी. नशिबाने कुणाला झुकतं माप दिलं तरी ते कुठल्याही एका औषधाला सतत मिळत नाही. शिवाय आम्हाला न सुचलेल्या गोष्टीही चिठ्ठीमुळे सगळ्यांत विखुरल्या जातात: कुठल्या झाडाखाली मुरूम आहे, कुठलं रोप मुळातच रोगट होतं. चिठ्ठीची खरी किंमत तिथे आहे. माहीत असलेल्या अडचणींवर पट्टे उपाय करतात, माहीत नसलेल्यांवर फक्त चिठ्ठी.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात हे मांडलं. माणसांवरच्या औषधांच्या चाचण्यांनी ते नंतर उचललं. वैद्यकाला ही शिस्त शेताने दिली, याचा मला अभिमान आहे.

सकाळी 8.30

आजी चहा घेऊन येतात. दादांच्या आई. रोजच्यासारख्या त्या एका जागी थांबतात, जिथे खांबाला पांढरा टॅग आहे.

"पोरी, ह्या चार झाडास्नी काय पाप केलंय? बाकीच्यास्नी औषध, आन् ह्यास्नी नुसतं पाणी?"

मी हा प्रश्न कधीही हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्या कामात याहून खरा प्रश्न नाही. पांढऱ्या टॅगची झाडं म्हणजे कंट्रोल. प्रत्येक पट्ट्यात चार. त्यांच्यावर त्याच दिवशी, त्याच पंपाने, तेवढंच साधं पाणी फवारलं जातं. खत, पाणी, छाटणी, रोगट फळं वेचून जाळणं, सगळं इतरांसारखंच.

मी आजींना सांगते, "आजी, औषध दिलेल्या झाडांवर रोग कमी दिसला, तर तो कशापेक्षा कमी, हे ही झाडं सांगतात. ही नसती तर पाऊस थांबल्यामुळे रोग थांबला आणि आम्ही श्रेय औषधाला दिलं असतं. मग पुढच्या वर्षी तुमचं पोरगं त्या औषधावर पैसे घालत बसलं असतं."

"आन् माल गेला तर?"

त्याची भरपाई आधीच ठरली आहे, लेखी. हे नसेल तर प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या झाडावर आपण ज्ञान मिळवणार आणि तोटा त्याने सोसायचा, हे बसत नाही. आजींचं पूर्ण समाधान झालेलं नसतं. त्या निघताना त्यातल्या एका झाडाच्या फांदीवरून हात फिरवून जातात.

सकाळी 9.15 ते दुपारी 12.30

पान वाळलं. आता मोजणी.

प्रत्येक झाडाच्या चार दिशांना एकेक फांदी टॅग केलेली आहे. त्या फांदीवरची पानं आणि झाडावरची सगळी फळं. प्रत्येक फळाला शून्य ते पाच अशी श्रेणी. शून्य म्हणजे डाग नाही, पाच म्हणजे फळ वाया. समजा, वीस फळांपैकी दहा शून्य, पाच एक, तीन दोन आणि दोन चार. श्रेणींची बेरीज एकोणीस. सगळी फळं वाया गेली असती तर शंभर झाली असती. म्हणजे त्या झाडाचा रोग निर्देशांक 19. असं झाडामागून झाड, डोकं खाली घालून. काटे हातमोज्यातूनही लागतात.

मोजणारी दोन माणसं आहोत, मी आणि माझा सहकारी. एकाच झाडाची श्रेणी दोघं स्वतंत्र लिहितो, एकमेकांना न दाखवता. कारण असं आहे: नोंदवहीत औषधाचं नाव नाही, फक्त सांकेतिक अक्षर आहे, पण बोर्डो मारलेलं पान निळसर पांढरं दिसतं. मोरचूद आणि चुना लपत नाही. ते दिसलं की डोळा नकळत उदार होतो. एक डाग "जुना असेल" म्हणून सोडून देतो. हे वाईट माणसाकडूनच होतं असं नाही, चांगल्याकडूनही होतं, आणि म्हणूनच त्यावर बंदोबस्त हवा. आमच्या दोघांच्या श्रेणीत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिसरं माणूस बघतं, आणि शंकेच्या डागाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो.

माणसांच्या चाचणीत हे लपवणं जास्त चांगलं साधतं, कारण तिथे खरं औषध आणि खोटं औषध दिसायला सारखं बनवता येतं.

आज तिसऱ्या पट्ट्यात एक गोष्ट पुन्हा जाणवली. कंट्रोलच्या झाडांलगत औषधाची जी झाडं आहेत, त्यांच्यावर डाग जरा जास्त आहेत. रोगट झाड शेजाऱ्याला रोग देतं, मग शेजाऱ्यावर औषध असो वा नसो. म्हणजे प्रयोगात औषधाचा गुण खऱ्यापेक्षा थोडा कमीच दिसणार. सगळ्या शिवाराने एकदम फवारणी केली तर कदाचित जास्त दिसेल. लशींच्या बाबतीतही हेच होतं: शेजारच्या मुलांनी लस घेतली की न घेतलेलंही थोडं वाचतं. वहीच्या समासात हे लिहून ठेवते. आकड्यांच्या रकान्यात याला जागा नाही, पण निष्कर्ष लिहिताना विसरून चालणार नाही.

दुपारी 1

बाभळीखाली डबे. भाकरी, वांग्याची भाजी, दादांच्या घरचा ठेचा. दादांचा धाकटा भाऊ पुण्याला नोकरी करतो, गणपतीला आलाय. तो विचारतो, "माणसांवरही असंच चिठ्ठ्या टाकून करतात?"

करतात, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात झालंय. शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं काम आहे. लहान बाळांना होणाऱ्या रोटाव्हायरसच्या जुलाबावर भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली, त्यातलं पुण्याचं ठिकाण ते. 2011 मध्ये बाळं घ्यायला सुरुवात झाली. एकूण 6,799 बाळं. कुणाला लस आणि कुणाला तशीच दिसणारी बिनलशीची द्रवाची मात्रा हे यादृच्छिक ठरलं. दोघांना लस तर एकाला नुसता द्रव, या प्रमाणात. आईला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही.

मी त्याला दोन आकडे सांगते. लस मिळालेल्या बाळांत गंभीर रोटाव्हायरस जुलाबाचे 71 प्रसंग, न मिळालेल्यांत 76. "मग लस नापास?" तो लगेच म्हणतो. पहिल्यांदा ऐकणारा कुणीही हेच म्हणेल. पण लशीच्या गटात बाळं दुप्पट होती. सगळ्या बाळांवर नजर ठेवल्याचा काळ मिळवला, तर लशीच्या गटाची 4,752 वर्षं भरली आणि दुसऱ्या गटाची 2,360. त्या हिशेबाने लस मिळालेल्यांत गंभीर आजार निम्म्याहून कमी, संरक्षण 53.6 टक्के. 71 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 76 शेजारी ठेवून आणि खालचा छेद बघूनच तो बोलतो.

"आणि ज्यांना लस मिळाली नाही ती बाळं?" हा प्रश्न दादांचा. आजींचाच प्रश्न, दुसऱ्या तोंडून. तिथे कुणालाही आजारात वाऱ्यावर सोडलं नव्हतं. जुलाब लागलेल्या प्रत्येक बाळाला, गट कुठलाही असो, उपचार मिळत होते. आईवडिलांची संमती आधी घेतलेली होती. ज्या आयांनी आपलं बाळ चिठ्ठीच्या हवाली केलं, त्यांच्यामुळे आज ही लस देशभरातल्या बाळांना मिळते. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. मला त्या बायांपुढे हात जोडावेसे वाटतात.

दुपारी 3

कृषी सेवा केंद्रात टॅग बांधायची सुतळी घ्यायला थांबलो. काउंटरवर नवी बाटली. "तेल्यावर गॅरंटी आहे मॅडम. अमक्या गावात एकाची बाग वाचली."

वाचली असेल. पण शेतकरी महाग औषध घेतो ते रोग शिगेला पोचल्यावर. त्यानंतर पाऊस उघडतो, ऊन पडतं, रोग आपोआप ओसरतो, आणि फोटो बाटलीचा छापला जातो. ज्याने तीच बाटली मारून बाग घालवली तो दुकानात सांगायला येत नाही. मी दुकानदाराला दोष देत नाही. त्याच्याकडेही कंपनीच्या कागदापलीकडे काही नसतं. दोष आहे तो तुलना न दाखवता विकण्याच्या रीतीचा.

शेजारच्या फळीवर प्रतिजैविकाच्या पुड्या असायच्या, स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनच्या. पिढीभर लोकांनी त्या डाळिंबावर मारल्या. या स्ट्रेप्टोमायसीनचं नाव वैद्यकाच्या इतिहासात फार मोठं आहे. ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली, 1948 साली प्रसिद्ध झालेली क्षयरोगाची चाचणी याच औषधाची. कुणाला औषध मिळणार हे बंद लिफाफ्यांतून ठरलं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. आणि त्याच चाचणीत हेही दिसलं, की पुष्कळ रुग्णांतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. त्या इशाऱ्यानंतरही आपण ते औषध उघड्या शेतात फवारत राहिलो. केंद्र सरकारने शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा आदेश काढला तो डिसेंबर 2021 मध्ये. फार उशीर झाला, असं माझं मत आहे.

संध्याकाळी 5

बारामतीत परत. नमुने प्रयोगशाळेत. डागाची कड कापून, धुऊन, माध्यमावर पसरून उबवण यंत्रात. दोन-तीन दिवसांत पिवळट, चिकट वसाहती दिसल्या तर तेल्या पक्का. नाहीतर तो बुरशीचा डाग, आणि आमची श्रेणी दुरुस्त.

संध्याकाळी 6

आकडे संगणकात. कुठलं अक्षर कुठल्या औषधाचं, हे एका बंद लिफाफ्यात आहे आणि लिफाफा वरिष्ठांच्या कपाटात. बहार संपून शेवटची मोजणी होईपर्यंत तो उघडायचा नाही. मध्येच उघडला तर उरलेल्या मोजण्या कोऱ्या मनाने होत नाहीत. आणि आकडे अनुकूल दिसले त्या दिवशी प्रयोग थांबवायचा मोह होतो.

शेवटी हिशेब असा होईल: दोन ट्रीटमेंटमधला फरक, आणि एकाच ट्रीटमेंटची झाडं चार पट्ट्यांत आपापसांत किती वेगळी वागली ते. पहिला दुसऱ्याच्या मानाने पुरेसा मोठा असेल, इतका की औषधात काहीच गुण नसताना केवळ योगायोगाने तो शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता, तरच "फरक आहे" असं लिहायचं. नसेल तर "आढळला नाही" असं लिहायचं, आणि तेही छापायचं. न चाललेल्या औषधाची बातमी शेतकऱ्याचे तितकेच पैसे वाचवते.

रात्री 9

दादांचा फोन. उजनीच्या बाजूने ढग आलेत. "मॅडम, पांढऱ्या टॅगवाल्यांना उद्या एक हात मारू का? कुणाला कळणार नाही." मी नाही म्हणते. ते "बरं" म्हणतात, आणि मला माहीत आहे की ते शब्दाला जागतात. या जिल्ह्यातलं शेतीचं जे काही खात्रीचं ज्ञान आहे, ते अशा "बरं" म्हणणाऱ्या माणसांच्या जिवावर उभं आहे.

डाळिंबवाल्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या बहाराला कोणी नवं औषध आणून दिलं, तर नेहमीची फवारणी चालूच ठेवा, पण नवं औषध सगळ्या बागेला देऊ नका. सारख्या दिसणाऱ्या झाडांच्या आठ जोड्या करा, जोडीतल्या दोघांमध्ये एक झाड सोडा. प्रत्येक जोडीत नवं औषध कुणाला, हे नाणं उडवून ठरवा. फळं मोजायचं काम झाडांचा क्रम माहीत नसलेल्या माणसाला द्या. आठच्या आठ जोड्यांत औषधाचं झाड सरस ठरलं, तर औषधात दम नसताना असं नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता 256 मध्ये एक आहे. मग खुशाल पैसे घाला. आणि दुकानात कोणी वाचलेल्या बागेचा फोटो दाखवला, तर एवढंच विचारा: ज्या झाडांना हे दिलं नव्हतं, त्यांचे आकडे कुठे आहेत?